कालव्याकाठचा फळा

सदतीस वर्षे ज्याने खडू हाती धरला, त्या माणसाची सेवानिवृत्तीनंतर पुन्हा फळ्याशी गाठ पडेल, आणि तीही जर्मनीतील एका कालव्याच्या काठी, असे भविष्य कोणी वर्तविले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु घडले ते असे.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त न्यूरेंबर्गजवळ सहकुटुंब राहतो. आमचे घर एकत्र, त्यामुळे तो माझ्याच मांडीवर वाढला. आणि त्याच्याच आग्रहाने सन २०२४ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने तिकडे होतो. तेथून जवळच रोट नावाचे लहानसे शहर आहे. पोहणे, सायकल व धावणे अशा तीन अंगांच्या ‘ट्रायथलॉन’ नामक शर्यतीसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे ती १९८४ साली प्रथम झाली. आता तिचे स्वरूप असे, की आधी ३.८ किलोमीटर पोहावयाचे, अंग पुसण्याचीही उसंत न घेता १८० किलोमीटर सायकल हाकावयाची आणि तिच्यावरून उतरून ४२.१९५ किलोमीटर धावावयाचे. हे सर्व एका दिवसात! पुतण्याने प्रथम सांगितले तेव्हा मला वाटले, तो तीन दिवसांची बेरीज सांगत आहे.

ह्या शर्यतीत हौशी लोक हजारोंनी उतरतात. पण थोडे असे असतात की ज्यांची हीच उपजीविका. त्यांतील सर्वच धनाढ्य असतात ही आपली समजूत खरी नव्हे. बक्षिसाची रक्कम वरच्या काही क्रमांकांतच वाटली जाते, आणि सायकलीपासून विमानाच्या तिकिटापर्यंतचा खर्च मात्र सर्वांना सारखाच. म्हणून पुष्कळ खेळाडू शर्यतीच्या आठवड्यात तेथील कुटुंबांत पाहुणे म्हणून उतरतात. आमच्या घरी अशीच एक पस्तिशीच्या आतली बाई आली होती. तिचे नाव व देश मी लिहीत नाही. तशी परवानगी मी तिच्याजवळ मागितलेली नाही.

अतिथीचे स्वागत म्हणून सूनबाईने पुरणाचा बेत योजिला होता. तो पहिल्याच दिवशी फसला. शर्यतीपूर्वी पोटाला अनोळखी असे काहीही द्यावयाचे नाही, डाळ नाही, कोंडा नाही, तुपाचा थेंबही नाही. शेवटचे दोन दिवस त्या बाईने काय खाल्ले म्हणाल, तर पांढरा मऊ भात, मीठ आणि मध. आपल्याकडे ज्वरातून उठलेल्या माणसाचे जे पथ्य, ते तिकडे मल्लाचे अन्न! कारणही तिने समजावून सांगितले. शर्यतीत ताशी ९० ग्रॅम, क्वचित त्याहूनही अधिक साखर पोटात गेली पाहिजे. आतडी आधीच शिणलेली असली तर ती साखर पचत नाही, आणि मग पाय कितीही बळकट असोत, माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. सूनबाईने पुरणाची डाळ पुन्हा डब्यात घातली. मला वाटते, त्या घरात तिला झालेले सर्वांत मोठे साहाय्य तेच होय.

आम्ही आणखी काय करू शकतो, असे मी विचारले. पुतण्या म्हणाला, “काका, फारसे काहीच करता येत नाही. तसा नियमच आहे.” ही शर्यत १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांपैकी ओआहू येथे प्रथम झाली, तेव्हा पंधरा जण निघाले व बारा पोहोचले. त्या वेळी आपली मदतीची मंडळी ज्याने त्याने बरोबर आणावयाची होती. जॉन डनबार ह्या स्पर्धकाच्या मंडळींजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्यास बिअर पाजली! तो दुसरा आला. आज तसे चालत नाही. बाहेरच्याने काही देऊ नये, बरोबर धावू नये, हात लावू नये. पाणी, केळे, ओला स्पंज, जे द्यावयाचे ते ठरलेल्या टप्प्यांवरील स्वयंसेवकांनी, आणि सर्वांना सारखेच. १९८२ साली हवाईतच ज्यूली मॉस नावाची तरुणी सर्वांच्या पुढे असता अगदी शेवटी कोसळली व रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. दुसरी तिच्या शेजारून पुढे निघून गेली. भोवती इतकी माणसे होती, पण ते शेवटचे अंतर तिचे तिलाच काटावे लागले. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून ज्याने येरझारा घातल्या आहेत, त्यास हा प्रकार नवा नाही. शेजारच्या बाकावर आपला आवडता विद्यार्थी अडलेला दिसत असतो, आणि आपण खिडकीबाहेर पाहावयाचे!

एक गोष्ट मात्र चालते. पुढची किती पुढे व मागची किती मागे, हे वाटेत उभे राहून सांगता येते. धावणाऱ्यास मागे वळून पाहणे परवडत नाही. पुतण्याने एक पांढरा फळा व काळ्या शाईचे पेन आणले आणि म्हणाला, “अक्षर तुमच्याइतके ठळक कोणाचे नाही. मी वाटेत दुसरीकडे थांबून घड्याळ लावतो आणि आकडे फोनवर सांगतो.”

रविवार, दिनांक ७ जुलै. साडेसहाला तोफ झाली आणि कालव्याचे पाणी शेकडो हातांनी ढवळून निघाले. सोलार बेर्ग ह्या चढावर सायकली आल्या तेव्हा माणसांची एवढी दाटी होती, की मधून जेमतेम एक सायकल जाईल इतकीच फट. पंढरीची वारी पाहिलेल्या मलाही ते नवल वाटले. दुपारी धावण्याचा भाग सुरू झाला, तसा मी माझ्या नऊ वर्षांच्या नातीसह कालव्याकाठच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. पुतण्याचा निरोप आला, मी आकडे लिहिले, आणि नात खदखदून हसली. “आजोबा, तिला हे वाचता येणार नाही!” जन्माच्या सवयीने मी आकडे देवनागरीत लिहिले होते. घाईघाईने पुसून इंग्रजीत लिहिले. मागची ३ मिनिटे १० सेकंद मागे. आमच्या पाहुणीने मान किंचित हलविली व ती गेली.

ती परत फिरून येण्याच्या सुमारास पुन्हा फोन आला. पुतण्याचा आवाज पडलेला होता. “काका, मागे फक्त ३५ सेकंद.”

दुरून ती दिसत होती. खांदे वर चढलेले, पावले आखूड पडू लागलेली. लोक दोन्ही बाजूंनी प्रेमाने ओरडत होते, की उत्तम चालले आहे, मागे कोणी नाही. आणि माझ्या हातातील पेन थांबले. ३५ च्या मागे नुसता एक घातला असता, तर ते दीड मिनिट झाले असते. बिचारीस तेवढाच धीर!

असा धीर मी एकदा दिला आहे. पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला असेल. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील वारलेले, सकाळी गोठ्याचे काम उरकून पाच मैल चालत शाळेत यावयाचा. पूर्वपरीक्षेत त्यास संस्कृतात बावीस गुण पडले. पोराची उमेद खचू नये म्हणून मी बाविसाचे छत्तीस केले. त्याने ते छत्तीस खरे मानले, संस्कृताची चिंता सोडली आणि ते दोन महिने शेतात राबला. मार्चच्या परीक्षेत तो त्याच विषयात गेला. पुन्हा बसला नाही. पुढे कैक वर्षांनी तो मला बाजारात भेटला. मालाचा टेंपो चालवीत होता. वाकून नमस्कार केला, चहा पाजला आणि मनात काही न ठेवता म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बावीसच लिहिले असते तर मी रात्रीचा बसलो असतो.” तो चहा मला अजून गिळता आलेला नाही.

मी ३५ लिहिले, शक्य तितके मोठे. तिने पाहिले. चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. फक्त खांदे खाली आले.

तिला त्या बाईने पुढे गाठलेच, आणि तो क्रमांक तिने गमावला. पहिली आली ती अ‍ॅने हाउग ही जर्मन धावपटू, ८ तास २ मिनिटे ३८ सेकंदांत. तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने इतक्या थोड्या वेळात हे अंतर तोडले नव्हते. आमची पाहुणी रेषेपलीकडे गेली ती सरळ गवतावर आडवी झाली. आता हात लावण्यास कोणाची मनाई नव्हती. सूनबाईने तिचे बूट काढले.

रात्री जेवताना तिने मऊ भातावर प्रथमच तूप मागून घेतले. मी पुतण्याकरवी विचारले, की तो आकडा पाहून मन खचले का? ती म्हणाली, खचले, घटकाभर. पण मागची गाठणार हे कळल्यावर घाबरून उधळण्याऐवजी पुढच्या टप्प्यावर ती थांबली व दोन पेले भरून प्यायली. तसे न करती तर आणखी दोघी तिला मागे टाकून गेल्या असत्या. “लोक सांगत होते मागे कोणी नाही,” ती म्हणाली. “मी फळा पाहिला.”

त्या मुलाची गोष्ट मी तिला सांगितली नाही. पुतण्यास मात्र त्या रात्री सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग, “काका, त्याचा पत्ता आहे का तुमच्याजवळ?” एवढेच म्हणाला.

जाताना पाहुणीने फळ्यावर आपले नाव लिहिले व त्याखाली माझ्याकडून ते देवनागरीत लिहवून घेतले. फळा आता पुतण्याच्या स्वयंपाकघरात आहे. सूनबाई त्यावर वाणसामानाची यादी लिहिते. वरच्या कोपऱ्यातील ते नाव मात्र नात कोणास पुसू देत नाही.