पासंग

आमच्या बिलिंगच्या चाचण्यांसाठी कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेलं एक चार ओळींचं फंक्शन होतं. आलेली रक्कम आणि अपेक्षित रक्कम त्याला द्यायची. फरक एका पैशाच्या आत असला तर पास, नाहीतर नापास. सगळा कोड पर्लमधला, माझ्या टीममधल्या काही मुलांच्याच वयाचा. दोनशेहून जास्त ठिकाणी ते फंक्शन वापरलं होतं आणि रोज रात्रीचा रन हिरवा यायचा.

एका दुपारी दुसरंच काही शोधताना ते डोळ्यांसमोर आलं. आलेल्या रकमेतून अपेक्षित रक्कम वजा करायची आणि उत्तर ०.०१ पेक्षा कमी आहे का ते बघायचं, एवढंच त्यात होतं. वजाबाकीच्या उत्तराचं चिन्ह काढून टाकायचं राहून गेलं होतं. पाचशेच्या जागी पाचशेवीस आले तर ते बोंब मारायचं. चारशेऐंशी आले तर वजाबाकी उणे वीस, आणि उणे वीस एका पैशापेक्षा कमीच की. पास!

ते नापास होताना आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं, त्यामुळे त्याच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. फक्त ते एकाच बाजूने नापास होत होतं. आणि बिल जास्त आलं की ग्राहक फोन करतो. कमी आलं तर कशाला करेल?

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. सकाळी ते रिकामा तराजू उचलून पारडी समान आहेत का बघायचे, नसली तर हलक्या बाजूला पासंग बांधायचे. तेवढ्यावर भागायचं नाही. दोन सारखी वजनं समोरासमोर ठेवून, मग त्यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा बघायचे. आमच्या फंक्शनची पारडी कुणी बदलून पाहिलीच नव्हती.

दुरुस्ती तीन अक्षरांची होती. पण मला आधी या फंक्शनचीच चाचणी लिहायची होती, आणि तिथेच गाडं अडलं. ते नापास करू शकतं हे दाखवायचं तर त्याला नापास करायला लावायला हवं. नापास झालं की पडद्यावर ‘नॉट ओके’ उमटणार, अख्खी फाइल लाल होणार आणि रात्रीचा रन मोडणार. मला नापास तर हवं होतं, पण ते मोजलं जायला नको होतं.

यावरची जुनी युक्ती म्हणजे पर्लचं टेस्ट-बिल्डर-टेस्टर हे मॉड्यूल. पडद्यावर काय छापलं जाईल ते अक्षरन् अक्षर आधी सांगायचं आणि मग खरं छापलेलं त्याच्याशी ताडून पाहायचं. ते मी पूर्वी केलं होतं. संदेशातला एक स्वल्पविराम हलला की चाचणी मोडते, आणि मग आपण रकमा सोडून विरामचिन्हं तपासत बसतो.

२०१६ साली पर्लच्या टेस्ट-सिंपल या चाचण्यांच्या संचाच्या १.३०२ या आवृत्तीबरोबर चॅड ग्रॅनम यांचं टेस्ट-टू आलं, त्यात ‘इंटरसेप्ट’ आहे. टेस्ट-टूमध्ये प्रत्येक तपासणीचा निकाल आधी एक इव्हेंट बनून हबकडे जातो. हब म्हणजे नोंदवही सांभाळणारा कारकून: किती झाल्या, किती पडल्या हे तो मांडतो आणि छापायला पुढे पाठवतो. इंटरसेप्टच्या ब्लॉकमध्ये शिरलं की या कारकुनाच्या डोक्यावर एक तात्पुरता कारकून येऊन बसतो. तो इव्हेंट घेतो, पण छापत नाही आणि मूळ वहीलाही हात लावत नाही. ब्लॉक संपला की जमलेले इव्हेंट आपल्या हातात देऊन निघून जातो. आत कोड मधेच कोलमडला तरी तो जाताना खुर्ची रिकामी करून जातो, हे मला विशेष आवडतं.

मी ब्लॉकमध्ये चारशेऐंशी आणि पाचशे टाकले. बाहेर लिहिलं: निकालाचा एकच इव्हेंट यावा आणि तो नापास असावा. इव्हेंट एकच आला, पण पास म्हणून. माझी बाहेरची चाचणी लाल झाली. इतक्या आनंदाने लाल रंग मी क्वचितच पाहिला असेल. इव्हेंटबरोबर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकही येतो, म्हणून जाता जाता हेही कळलं की आमचं फंक्शन प्रत्येक तक्रारीत स्वतःचीच ओळ दाखवत होतं, ज्याने बोलावलं त्याची नाही. चूक शोधायला सगळे आधी चुकीच्या फाइलमध्ये का शिरायचे, ते तेव्हा उमगलं.

मग ती तीन अक्षरं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाचण्या लाल.

“काल सगळं हिरवं होतं, तू काय मोडलंस?” मॅनेजरने विचारलं.

आठ ठिकाणी अपेक्षित रकमाच जुन्या दरांच्या होत्या. नववी खरी निघाली: एक सवलत दोनदा वजा होत होती. मॅनेजर दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, “बाहेर बोलू नकोस, आधी आकडा काढ.”

यानंतर मी शेफारलो असणार. महिन्याभराने त्याच फाइलमध्ये आणखी काही तपासण्या लिहिल्या आणि ब्लॉकचा बंद होणारा कंस नको तितका खाली ठेवला. खऱ्या तपासण्याही त्या तात्पुरत्या कारकुनाकडे गेल्या. त्याने सगळं इमानाने गोळा करून दिलं. मी त्यातला पहिला इव्हेंट पाहिला आणि बाकीचे टाकून दिले. निकाल हिरवागार. आठवडाभराने नजर शेवटच्या ओळीवर गेली: चाचण्या १४. असायला हव्या होत्या ४१. फाइलच्या शेवटी ‘डन-टेस्टिंग’ होतं, म्हणजे जितक्या चालल्या तितक्याच होत्या असं मानून मोकळं. तक्रार करणार कोण?

आता त्या एका फाइलच्या डोक्यावर मी आकडा हाताने लिहितो. नवी तपासणी घातली की तो बदलावा लागतो, आणि लोक वैतागतात. परवा टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, “सर, हे आपोआप मोजता येतं ना?” मी तिला जुनी आवृत्ती उघडून दिली आणि म्हटलं, “यात काय चुकलंय ते सांग.” वीस मिनिटं ती रकमाच तपासत होती. कंसाकडे तिचं लक्ष गेलं नाही.