समुद्राचा जमाखर्च

आमच्या लेकीने चेन्नईत घर घ्यायचे ठरवले, तेव्हा शहराच्या उत्तर भागातला समुद्रकाठचा एक फ्लॅट तिच्या मनात भरला होता. ‘बाबा, गॅलरीतून होड्या दिसतात!’ फोनवर तिचा आनंद मावत नव्हता. बेळगावात तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. म्हटले, ‘पैसे भरण्याआधी त्या किनाऱ्याची जुनी चित्रे बघू.’

लँडसॅट मालिकेतले उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रे टिपत आहेत आणि २००८ पासून ती कुणालाही फुकट मिळतात. अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेते, म्हणून समुद्र काळा दिसतो आणि वाळू उजळ. किनाऱ्याची रेघ त्यामुळे ठळक उमटते. पण दोन चित्रे शेजारी ठेवून भागत नाही. एक भरतीचे आणि दुसरे ओहोटीचे असले, तर किनारा उगाचच सरकल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात वाहून गेलेली वाळू पुढे परतही येते. म्हणून एकाच ऋतूतली, अनेक वर्षांची चित्रे लावावी लागतात. त्यातला एक ठिपका साधारण ३० मीटरचा. दोन-चार मीटरची झीज त्यात दिसत नाही, मात्र वीस-तीस वर्षांचा कल लपत नाही.

किनारा का सरकला, हे मात्र चित्र सांगत नाही. त्यासाठी इतिहासात जावे लागते. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाटा वाळूला एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलत नेतात. १८७६ साली बंदराचे काम सुरू झाले आणि दगडी भिंतींनी ही वाट अडवली. दक्षिणेला वाळू साठत गेली, तीच आज आपण कौतुकाने पाहतो ती रुंद मरीना चौपाटी. उत्तरेला रॉयपुरमकडे वाळू पोचेना, तिथे समुद्र आत आला. २००१ साली सुरू झालेल्या एन्नोरच्या बंदराशी हाच प्रकार उपग्रहाच्या चित्रांत दिसतो: दक्षिणेला भर, उत्तरेला झीज.

१९९० ते २०१८ या काळातल्या चित्रांवरून राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने देशाचा हिशेब मांडला आहे. सुमारे ३४ टक्के किनारा झिजतो आहे, २७ टक्के वाढतो आहे. गोव्यात झीज १९ टक्क्यांच्या आसपास, तमिळनाडूत ४३.

लेकीने शेवटी समुद्रापासून दूर, आतल्या भागात घर घेतले. तिला ते जमले, कारण तिची नोकरी समुद्रावर अवलंबून नाही. उत्तर चेन्नईतल्या कोळ्यांनी होड्या ओढून ठेवायच्या कुठे? त्यांच्या वस्त्या वाचवायला दगडी बंधारे घातले, तर झीज त्यांच्याही उत्तरेच्या गावाकडे सरकते. मरीनावर संध्याकाळी भेळ खाताना पायाखालची वाळू कुणाच्या अंगणातून कमी झाली, एवढे आपण आठवावे. आणि कुठेही नवे बंदर बांधण्याआधी ही चित्रे त्या अंगणातल्या माणसांपुढे ठेवावीत.