पेरणी फोकून की टोकून?

सातव्या सेमिस्टरला मी बाबांना फोन करून सांगितलं होतं, "प्रोजेक्ट झाल्यातच जमा आहे!" काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

आमचं काम सांगायला सोपं. हेक-२९३ या मानवी पेशींत एका रिसेप्टरचं जीन घालायचं, त्याला जीएफपीची हिरवी चमक जोडायची, मग निरनिराळी संयुगं टाकून चमक किती बदलते ते मोजायचं. (२९३ का? १९७३ साली लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम यांचा तो २९३ वा प्रयोग होता. आमचा तिसराच फसला आणि मी रडले.)

एका संयुगाने चमक निम्म्यावर आली. आम्ही कॅन्टीनमध्ये वडे वाटले. पुढच्या आठवड्यात काहीही न टाकलेली प्लेट पाहिली, तर तिचीही चमक निम्मीच! कंट्रोलचे आकडे आम्ही महिन्यापूर्वीचे वापरले होते. होय, लाज वाटते. जीन गुणसूत्रावर कुठेतरी आडजागी बसलं होतं आणि पेशींनी त्याला हळूहळू गप्प केलं होतं. औषध बिचारं निर्दोष.

बाबा शेतकरी. ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही पोरं बी फोकून देताय. टोकण का नाही करत?"

मॅडमनी दुसऱ्या लॅबमधून आणलेल्या पेशी म्हणजे टोकणच. त्यांच्या गुणसूत्रावर एफआरटी नावाची खूण आधीच एका जागी बसवलेली असते. आपल्या प्लाझ्मिडवरही तीच खूण. यीस्टमधलं फ्लिप हे एन्झाइम दोन्ही खुणा जुळवून जीन तिथेच बसवतं. खरी गंमत पुढे आहे. प्लाझ्मिडवरच्या हायग्रोमायसिन-रोधक जीनला स्वतःचा प्रमोटर नाही, सुरुवातीचा एटीजीसुद्धा नाही. ते दोन्ही त्या ठरलेल्या जागी वाट बघत असतात. जीन भलतीकडे बसलं तर पेशी हायग्रोमायसिनमध्ये सहसा मरतेच. इतकी कडक परीक्षा आमच्या युनिव्हर्सिटीलाही जमलेली नाही!

पहिले दहा दिवस नुसती मरतूक. तिसऱ्या आठवड्यात मोजून सात वसाहती दिसल्या. जीनची एकच प्रत, त्यामुळे चमक मंद. पण सातही जणींची जवळपास सारखी, आणि दहाव्या पॅसेजलाही तेवढीच.

मग ते वडेवालं संयुग पुन्हा तपासलं, या वेळी त्याच प्लेटवरच्या कंट्रोलसह. परिणाम शून्य. रिपोर्टमध्ये जुना आणि नवा, दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावलेत. वड्यांचे पैसे मात्र पार्टनरला अजून द्यायचेत.