शर्ट कुणाच्या मापाचा?

आमच्या होस्टेलवर दोन प्रकारची मुलं आहेत. एक गाडीवरून पडलेली आणि दुसरी अजून न पडलेली. मी सेकंड इयरला असताना पहिल्या गटात दाखल झालो, त्याची ही गोष्ट.

घर शिरूरला, मामा दौंडला. मामा रेल्वेत, त्यामुळे लहानपणी प्रत्येक सुट्टी दौंड जंक्शनला इंजिनं मोजण्यात गेली. बारावीनंतर पप्पांची जुनी स्प्लेंडर हातात आली आणि शिरूर-दौंड हा माझा हक्काचा रस्ता झाला. शिरूरहून न्हावरे, मग पारगावला भीमेचा पूल, पुढे केडगाव-चौफुला, तिथून सोलापूर रोडने पाटस आणि डावीकडे दौंड. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. गाळपाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात. रात्री त्यांच्या मागे लाल दिवा असेलच असं नाही.

पण मला ट्रॅक्टरने पाडलं नाही, वाळूने पाडलं. दौंडहून परत येताना पारगावच्या अलीकडे वळणावर कुठल्या तरी गाडीतून सांडलेली वाळू होती. वेग फार नव्हता, पन्नासच्या आतबाहेर. पुढचं चाक सरकलं आणि पुढच्या क्षणी मी रस्त्यावर घसरत होतो. हेल्मेट होतं म्हणून आज हा लेख लिहितोय. अंगात मात्र हाफ टी-शर्ट. उजवं कोपर आणि खांदा डांबराने सोलून काढला. डॉक्टरांनी जखमेतली वाळू घासून काढली तेव्हा मी जे ओरडलो, ते ऐकून बाहेरचे दोन पेशंट उठून गेले म्हणे!

पंधरा दिवस कोपर टेबलावर टेकवता येईना. सबमिशन तोंडावर. जर्नल रूममेटने लिहून दिलं. सरांनी अक्षर ओळखलं, पण हाताची पट्टी बघून काही बोलले नाहीत. सर, तुम्ही हे वाचत असाल तर मनापासून आभार.

तर, ठेच लागल्यावर शहाणपण आलं. एका सीनियरने त्याचं जॅकेट दिलं. काळं, जाडजूड, आत खांद्याला-कोपराला पॅड. एप्रिल महिना. शिरूर सोडताना मी स्वतःला शिवाजी महाराजांचा मावळा समजत होतो, न्हावऱ्यापर्यंत माझं उकडलेलं कणीस झालं. जॅकेट काढलं, मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधलं आणि टी-शर्टवर पुढे निघालो. ते जॅकेट दौंडपर्यंत एकही ओरखडा न येता सुखरूप पोचलं. मामा म्हणाले, "वा! गादीला चांगलं संरक्षण दिलंस."

त्या टोमण्यातच सगळं सार आहे. खुंटीला टांगलेलं जॅकेट कितीही मजबूत असलं तरी त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडच्या उन्हात जे रोज अंगात राहील तेच कामाचं. मग मला कळलं की शर्टासारखा दिसणारा, हलका, पण आत पॅड असलेला रायडिंग शर्ट मिळतो. वरून चौकड्यांचा साधा शर्ट, आतून चिलखत. ठरलं, हाच घ्यायचा. सुट्टीतल्या इंटर्नशिपचे पैसे साठवले होतेच.

पण आपण पडलो इंजिनीअर. समजल्याशिवाय खरेदी कशी करायची? कागद-पेन घेऊन बसलो आणि लक्षात आलं की पडणं ही एक घटना नाही, दोन आहेत.

पहिली घटना म्हणजे आपटणं. सीटवरून शरीर साधारण सव्वा मीटरवरून खाली येतं. शाळेतलं सूत्र लावा, जमिनीवर आदळतानाचा उभा वेग सेकंदाला पाचएक मीटर निघतो. गंमत म्हणजे गाडी तीसने जात असो की नव्वदने, नुसतं खाली पडताना हा वेग तेवढाच. हा दणका झेलायचं काम पॅडचं.

दुसरी घटना म्हणजे घसरणं. इथे मात्र वेगाचा वर्ग येतो. घर्षणांक 0.7 धरला तर ताशी 50 ला माणूस सुमारे 14 मीटर घसरतो, 80 ला सुमारे 36 मीटर. म्हणजे आपल्या मेसच्या दारापासून पार पार्किंगपर्यंत, पोटावर! हे काम कापडाचं. पॅड कितीही भारी असो, वरचं कापड पहिल्या दोन मीटरमध्ये फाटलं तर पॅड एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

हे डोक्यात पक्कं करून पुण्याला दुकानात गेलो. दुकानदाराने शर्ट पुढे टाकला. "सीई सर्टिफाइड आहे, डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवले. शर्ट उलटा केला. सीईचा शिक्का होता, पण पॅडवर. शर्टाच्या कापडावर कसलंच लेबल नाही. हीच खरी मेख आहे. पॅडची परीक्षा वेगळी, कपड्याची वेगळी. पॅड पास झालं म्हणजे शर्ट पास झाला असं नाही. रूममेट पास झाला म्हणून आपली केटी सुटते का?

खांदा-कोपराच्या पॅडची युरोपीय परीक्षा म्हणजे ईएन 1621-1. पाच किलोचा ठोकळा साधारण मीटरभर उंचीवरून पॅडवर टाकतात, म्हणजे 50 ज्यूल, आणि पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल 1, वीसच्या आत राहिलं तर लेव्हल 2. म्हणजे इथे मार्क जितके कमी तितका विद्यार्थी हुशार. पाठीच्या पॅडची परीक्षा आणखी कडक, तिथे हेच आकडे 18 आणि 9. बऱ्याच शर्टांत पाठीला नुसता स्पंजचा तुकडा घातलेला असतो, तो काढून बघावा. त्याच्यावर शिक्का नसेल तर तो उशीच्या लायकीचा.

चांगली पॅडं हाताला मऊ लागतात, म्हणून आधी मला शंका आली. पण कॉर्नफ्लॉवर पाण्यात घट्ट कालवून बघा. हळू बोट घातलं तर आत जातं, बुक्की मारली तर दगड. ही पॅडं तशीच वागतात. दणका जितका झटक्यात, तितकी ती घट्ट. रोज घालायला मऊ, पडताना कडक.

कपड्याची परीक्षा म्हणजे 2020 साली आलेलं ईएन 17092. त्यात एए वगैरे श्रेणी आहेत. कापडाचा नमुना फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात. सगळ्यात जास्त घासल्या जाणाऱ्या भागासाठी 'ए'ला ताशी 45 चा वेग, 'डबल ए'ला 70 चा, 'ट्रिपल ए'ला 120 चा. हलके शर्ट बहुतेक 'ए' नाहीतर 'डबल ए' असतात. 'बी' म्हणजे कापड ठीक, पण पॅड नाहीत. 'सी' म्हणजे नुसती पॅडांची जाळी, घसरायला कापडच नाही.

कापडाचंही बघा. साधं सुती कापड लगेच फाटतं. पॉलिएस्टरची जर्सी तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून जखमेला चिकटते. म्हणून आत अरॅमिडचा थर देतात. त्यातलं प्रसिद्ध नाव केव्हलर, 1965 मध्ये ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधलेलं. ते वितळत नाही. मात्र हा थर पूर्ण बाहीभर आहे की नुसत्या कोपराला ठिगळ आहे, हे शर्ट उलटा करूनच कळतं. शिवणही दुहेरी-तिहेरी हवी, कारण कापड टिकलं आणि शिवण उसवली तर उपयोग काय?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. हात वाकवून, गाडीवर बसल्यासारखं करून बघायचं. कोपराचं पॅड कोपरावरच राहिलं पाहिजे. शर्ट सैल असेल तर पडताना पॅड फिरतं आणि हाडाला रस्ता भेटतो.

तिसऱ्या दुकानात हवा तसा शर्ट सापडला. 'डबल ए', पॅड लेव्हल 2, बगलेत वारा जायला जाळी. किंमत मेसच्या चार महिन्यांच्या बिलाएवढी. घालून बघितला, आरशात बघितलं. दुकानदार म्हणाला, "मीडियम एकदम फिट!" आणि का कोण जाणे, मला पप्पा आठवले.

पप्पा रांजणगाव एमआयडीसीत कामाला. कंपनीत सेफ्टी शूज आणि हेल्मेट घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. आत सगळ्या मशीनना गार्ड, भिंतीवर पिवळे बोर्ड. आणि सेकंड शिफ्ट सुटली की हाच माणूस सेफ्टी शूज लॉकरमध्ये ठेवतो, पायात चपला, अंगात टेरिकॉटचा शर्ट, आणि रात्री बारा वाजता नगर रोडने ट्रकांच्या मधून शिरूरला येतो. आठवड्यातून सहा दिवस. हेल्मेट असतं, कधी डोक्यावर, कधी हँडलला. मी पडलो तेव्हा मी त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "सेफ्टी कंपनीत असते बाळा. रस्त्यावर नशीब असतं."

मी दौंडला जातो महिन्यातून दोनदा.

पप्पा जॅकेट कधीच घालणार नाहीत, हे मला माहीत होतं. "या वयात काय हिरो व्हायचं?" म्हणतील. पण चौकड्यांचा शर्ट? शर्ट तर ते रोजच घालतात. दुकानातूनच आईला फोन लावून पप्पांच्या छातीचं आणि बाहीचं माप विचारलं. "लार्ज द्या," मी म्हटलं.

घरी आल्यावर अपेक्षेप्रमाणे झालं. पप्पांनी किंमतीची चिठ्ठी आधी बघितली. मग शर्ट घडी करून माझ्याकडे दिला. "तूच घाल. मला कशाला?" मी त्यांच्यासमोर अंगात घातला. कोपराचं पॅड पार खाली घसरलं. म्हटलं, "बघा, मला होत नाही. आणि दुकानदार परत घेत नाही." दुसरं वाक्य खोटं होतं. तेवढं माफ असावं.

आठ दिवस शर्ट कपाटात. मी होस्टेलवर परत आलो. मग एका रात्री आईचा फोन. "आज घालून गेलेत. शेजारच्यांनी विचारलं, नवीन शर्ट का? तर म्हणाले, पोराने आणलाय." एवढंच. मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

मित्रांनो, हा शर्ट काही जादूचा नाही. समोरून ट्रक आला तर तो काही करू शकत नाही. हेल्मेट आधी, मग ग्लोव्हज आणि बूट, मग हे सगळं. पण साध्या घसरण्यात कातडी वाचते, आणि आपले बहुतेक पराक्रम साध्या घसरण्याचेच असतात.

माझ्यासाठी मीडियमचे पैसे पुढच्या इंटर्नशिपला साठवीन. तोपर्यंत दौंडला एसटीने जातो. तुम्ही शर्ट घ्यायला जाल तेव्हा उलटा करून बघा, लेबल वाचा, कोपर वाकवून बघा. आणि जायच्या आधी एकदा विचार करा, घरात गाडीवर रोज सगळ्यात जास्त कोण असतं? माप त्याचं घ्या.