द्राक्षांच्या पेटीमागील जग

जगाच्या व्यापाराचीं नवीं वळणें अभ्यासावयाचीं म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचे बाजारभाव पाठ करावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्ही निफाड तालुक्यांतील एका द्राक्षबागाईतदाराच्या घरांत वाढलों. त्यामुळें हा विषय आमच्यापुढें पुस्तकाआधीं फळांच्या पेटींतून आला.

फळछाटणीनंतर सुमारें चार महिन्यांनीं घड तयार होतात. ते कापून, थंड करून, पेट्यांत भरून, शून्य अंशाच्या जवळपास थंडावा राखणाऱ्या कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरावर नेतात. तेथून ते जहाजानें युरोपास जातात. हा कंटेनर दिसावयास साधा, पण त्यानें व्यापाराचें रूप पालटलें. १९५६ सालीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदारानें 'आयडियल एक्स' या जहाजावरून असे ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविले. तत्पूर्वीं एकेक पोतें नि खोकें हमालांच्या श्रमानें चढे व उतरे, आणि जहाजें दिवसचे दिवस धक्क्यास पडून राहत. पुढें मापें ठरलीं आणि माल न उघडतां ट्रकवरून जहाजावर, जहाजावरून रेल्वेवर जाऊं लागला. वाहतूक इतकी स्वस्त झाली कीं, निफाडच्या शेतकऱ्यास रॉटरडॅमचा बाजार शेजारचा झाला.

शेजार आला म्हणजे शेजाऱ्याचे नियमहि आले. २०१० सालीं आपल्या देशांतील द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला, आणि अनेक बागाईतदारांस मोठी खोट बसली. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, फळांची प्रयोगशाळेंत तपासणी होते. आमचे वडील फवारणीची वही पोथीप्रमाणें जपतात.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले. बरींच जहाजें सुवेझचा मार्ग सोडून आफ्रिकेस वळसा घालूं लागलीं. प्रवास लांबला, भाडें वाढलें. द्राक्षांस तर थांबतां येत नाहीं! त्या हंगामांत आमच्या घरीं रात्रीं नकाशा पसरून चर्चा होई. कर्जाचा हप्ता परदेशी दरावांचून फिटणार नाहीं, असें वडिलांचें मत. सारा माल एकाच वाटेनें धाडूं नये, असें आईचें. अखेर अर्धा माल येथेंच विकला. हातीं आलें तें अपेक्षेहून कमी, पण हप्ता चुकला नाहीं.

या अभ्यासाचें प्रयोजन आम्हांस तेव्हां उमगलें. त्यानें दूरचें युद्ध थांबत नाहीं. परंतु त्याची झळ आपल्या अंगणांत कोणत्या वाटेनें येईल, तें आधीं दिसतें, आणि निर्णयास वेळ मिळतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गांवांतून परदेशीं जाणारी एखादी वस्तु निवडा. हळद, काजू, कापड, कांहींहि चालेल. तिचा मार्ग नकाशावर रेखा. वाटेंतील बंदरें, नियम नि खर्च लिहून काढा. भूगोल आणि अंकगणित तेथें हातांत हात घालून भेटतील. आणि पालकांस विनंति इतकीच कीं, घरच्या हिशेबाची वही मुलांपासून लपवूं नये. ज्या घराचा भार उद्यां त्यांच्यावर पडावयाचा, त्याचा हिशेब त्यांस आजच वाचूं द्यावा.