आधी काम ठरवा, मग कार्ड

मराठी घरात मोठी खरेदी कशी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रीज घ्यायचा असेल तर शेजारच्या काकूंचा अनुभव विचारायचा, शिलाई मशीन घ्यायचं असेल तर मावशीला सोबत न्यायचं, चार दुकानं हिंडायची आणि शेवटी वडिलांच्या ओळखीच्या दुकानातूनच वस्तू घरी आणायची. पण ग्राफिक्स कार्ड या वस्तूला हा शिरस्ता लागू पडत नाही. शेजारच्या काकूंना त्यातलं काही सांगता येत नाही. संगणकाच्या डब्यात बसल्यावर ती वस्तू कुणाला दिसतही नाही. आणि घरात तिच्याविषयी अधिकाराने बोलणारा एकटा मुलगा असतो, जो सल्लागारही तोच आणि ग्राहकही तोच! मग आईवडिलांना संशय येतो, मुलाला वाटतं आपल्याला कुणी समजून घेत नाही, आणि साध्या खरेदीचं घरगुती भांडण होतं.

रायपूरच्या तात्यापारा भागातल्या एका मराठी घरात २०२४ च्या दिवाळीआधी नेमकं हेच झालं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, अशा तिन्ही भाषांत वाढलेली मुलं इथे घरोघरी आहेत. या घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. वडील बँकेत. आई शिक्षिका, आणि मंडळातल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचं फोनवर चित्रण करून ते जोडून देण्याचं काम हौसेने तिच्याकडे आलेलं.

‘‘बाबा, तीस हजारात चांगलं कार्ड येतं,’’ मुलाने विषय काढला.

‘‘गेम खेळायला तीस हजार? एवढ्यात दोन खोल्यांना रंग होतो,’’ आई म्हणाली.

‘‘अगं, पण तुझे व्हिडिओही भराभर होतील ना!’’

हे शेवटचं वाक्य अर्धं खरं होतं. असा सौदा सगळीकडे याच अर्ध्या खऱ्या वाक्यावर होतो. म्हणून ते नीट तपासायला हवं.

कार्ड करतं काय?

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. चित्र हलतं दिसायचं तर ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे एका सेकंदात बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवायचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याला हात थोडे. ग्राफिक्स कार्डात साधं काम करणारे हजारो हात असतात. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डात असे ३५८४ गणनघटक आहेत. लग्नात एक उत्तम आचारी असला तरी पोळ्या लाटायला बायकांची फौज लागते, तसाच हा प्रकार.

हजारो हातांची ही कल्पना गेमसाठी वाढली. एनव्हिडियाने १९९९ साली जीफोर्स २५६ बाजारात आणताना ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. पुढे हेच हात हवामानाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितांनाही उपयोगी पडू लागले. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा २०२० सालचा महासंगणक याच जातीच्या चिपांवर उभा आहे. तेव्हा ग्राफिक्स कार्ड म्हणजे नुसतं पोरांचं खेळणं, हा समज काढून टाकायला हरकत नाही. मात्र हा मोठेपणा सांगून दुकानदार गरजेपेक्षा मोठं कार्ड गळ्यात मारत असेल, तर तिथेही सावध राहावं.

आकड्यांचा फसवा खेळ

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत मेमरी छापलेली असते. चार जीबी, आठ जीबी, बारा जीबी. साध्या ग्राहकाला वाटतं, आकडा मोठा म्हणजे वस्तू चांगली. पण मेमरी म्हणजे ओटा. ओटा लांबरुंद असला म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही. २०१४ साली आलेलं जीटी ७३० हे अगदी प्राथमिक कार्ड चार जीबी मेमरीसह विकलं जायचं आणि अनेकजण त्या चारच्या आकड्याला भुलायचे. जीटी १०३० ची गोष्ट तर आणखी मजेची. २०१७ साली ते वेगवान मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने मंद मेमरीचं दुसरं कार्ड आलं आणि त्याचा वेग गेममध्ये जवळपास निम्म्यावर घसरला. नाव तेच, खोकं तसंच, माल वेगळा!

उलट बाजूही पाहा. आरटीएक्स ३०६० हे २०२१ सालचं कार्ड बारा जीबीचं, तर त्यानंतरचं २०२३ सालचं आरटीएक्स ४०६० आठ जीबीचं. बहुतेक गेममध्ये नवं कार्ड जास्त वेगवान, शिवाय विजेची भूक १७० वॅटवरून ११५ वर आलेली. पण ज्या कामात मेमरी खरोखर भरते, म्हणजे मोठ्या आकाराचा व्हिडिओ किंवा गेममधली सर्वांत बारीक चित्रं, तिथे जुन्याचा मोठा ओटा कामी येतो. तेव्हा ‘कोणतं चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कशासाठी चांगलं?’ असं विचारलं तरच उत्तर मिळतं.

गेमसाठी पहिला प्रश्न पडद्याचा. घरातला पडदा फुल एचडी आणि सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा असेल, तर सेकंदाला दीडशे चित्रं काढणारं कार्ड आणून फायदा थोडा. जास्तीची चित्रं दिसणारच नाहीत. फोर-के पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, तिथे मोठं कार्ड शोभतं. आणि कार्ड बसवल्यावर पडद्याची वायर कार्डालाच जोडायची. ती मदरबोर्डच्या जुन्या जागी राहिली, तर नवं कोरं कार्ड रिकामं बसतं आणि घरचे म्हणतात, ‘‘काही फरकच नाही!’’

व्हिडिओचं गणित वेगळं

रायपूरकरांना व्हिडिओचं महत्त्व सांगायला नको. याच जिल्ह्यातलं तिल्द्याजवळचं तुलसी हे खेडं ‘यूट्यूबवाल्यांचं गाव’ म्हणून देशभर गाजलं आणि २०२३ साली सरकारने तिथे स्टुडिओ उभा करून दिला. लग्नाचं चित्रण, गाण्यांचे अल्बम, शाळांची संमेलनं यांवर तर शहरातल्या कितीतरी तरुणांचा चरितार्थ चालतो. पण गेम आणि व्हिडिओ यांची गरज एक नाही.

गेममध्ये कार्डाला चित्र नव्याने काढायचं असतं. व्हिडिओत चित्र आधीच काढलेलं असतं. ते उलगडायचं, कापायचं, रंग सुधारायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचं. या उलगडण्या-घडी घालण्यासाठी चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो आणि तो पुष्कळ प्रोसेसरांतल्या अंगभूत ग्राफिक्समध्येही असतो. काही कॅमेरे रंगांची जास्त माहिती राखणाऱ्या ‘४:२:२’ प्रकारात चित्रण करतात. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या एनव्हिडिया कार्डांना तो प्रकार थेट उलगडता येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र येतो. म्हणून व्हिडिओवाल्याने इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, हे पाहावं. ‘एफ’ असला की अंगभूत ग्राफिक्स नसतं. रंगसुधारणा, धूसर चित्र स्वच्छ करणं, लहान चित्र मोठं करणं ही कामं आली की मग कार्डाचे हजारो हात खरे उपयोगी पडतात.

तात्यापाऱ्यातल्या त्या घरात वडिलांनी एका संध्याकाळी कागद पुढे ठेवला आणि प्रत्येकाला आपापलं काम लिहायला सांगितलं. मुलाने तीन गेमची नावं लिहिली. आईने लिहिलं, ‘मंडळाचे कार्यक्रम’. मग थोडं थांबून खाली लिहिलं, ‘लग्नाची कॅसेट’. १९९६ सालच्या त्या व्हीएचएस कॅसेटमध्ये तिच्या आईचा आवाज होता. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातवाला तिचा चेहरा फोटोतून माहीत होता, आवाज आठवत नव्हता. कपाटातल्या त्या डब्याविषयी घरात कधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही कधी काढलं नव्हतं.

मुलाने शोध घेतला तेव्हा त्यालाच नवल वाटलं. कॅसेट संगणकात उतरवायला कार्डच लागत नाही! लागतो तो चालू अवस्थेतला व्हीसीआर आणि एक छोटं कॅप्चर यंत्र. व्हीसीआर नवे मिळत नाहीत. ते बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ सालीच उत्पादन थांबवलं. आणि फीत तर दर वर्षी झिजतेच आहे. घाई होती ती कॅसेटची. कार्ड पुढच्या महिन्यातही मिळालं असतं.

रायपूरचा उन्हाळा आणि काजळी

जाहिरातीतलं कार्ड थंड खोलीत चालतं, रायपूरचं मे महिन्यात. पारा ४४ अंशांवर गेलेला, खोलीत कूलर घरघरतोय आणि मुलगा गेम खेळतोय. कार्ड जेवढी वीज खातं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. १७० वॅटचं कार्ड म्हणजे खोलीत लावलेली छोटी शेगडीच. चिप फार तापली की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. म्हणजे महाग कार्डाचा वेग उन्हाळ्यात उष्णतेतच विरतो. त्यातून उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते, तशी ती पंख्यांच्या पात्यांवरही बसते. म्हणून इथे कमी विजेवर चालणारं कार्ड, जाळीचा हवेशीर डबा आणि दोन-तीन महिन्यांनी सफाई, या गोष्टी मोलाच्या. कूलरची ओली हवा थेट संगणकावर मात्र येऊ देऊ नये.

विजेचा हिशेबही आधी करावा. डब्याबरोबर फुकट येणाऱ्या स्वस्त पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढा भार तो पेलेलच असं नाही. तो जळताना कधीकधी कार्डालाही सोबत नेतो. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठं कार्ड लावलं तर गेम रंगात असताना वीज गेली की संगणक तिथेच बंद! बिलाचं म्हणाल, तर अडीचशे वॅटचा संगणक रोज तीन तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. हा आकडा मुलालाही सांगावा.

जुनं घ्यावं का?

२०२१ साली आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डं इतकी उचलली गेली की मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने पद्धत बदलली आणि तिथे कार्डांची गरज संपली. मग ती रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसून जुन्या बाजारात आली. जुनं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण घेण्याआधी ते अर्धा तास गेमवर चालवून पाहावं, पंख्याचा आवाज ऐकावा, पक्कं बिल आणि उरलेली वॉरंटी तपासावी. नव्या कार्डाचंही सेवा केंद्र रायपुरात आहे, नागपुरात आहे की त्याहून दूर, हे पैसे देण्याआधीच विचारावं. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. किंमती तर सतत हलतात. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्या आणि हिशेब पुन्हा बदलले. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच दोन-तीन दुकानांत भाव विचारणं बरं.

त्या घरात शेवटी तीस हजारांचं कार्ड आलं नाही. पडदा फुल एचडीच होता, म्हणून मधल्या पायरीचं आठ जीबीचं कार्ड घेतलं. उरलेल्या पैशात चांगला पॉवर सप्लाय, एक एसएसडी आणि कॅसेटसाठी कॅप्चर यंत्र बसलं. मुलाला दोन गेम उत्तम चालतात, तिसऱ्यात चित्राची बारीकी थोडी कमी ठेवावी लागते. तो कुरकुरला, नाही असं नाही. व्हीसीआर मंडळातल्या ओळखीने मिळाला. कॅसेटचा पहिला भाग खराब झाला होता, मधला वाचला. धूसर चित्र स्वच्छ करायला मात्र नवं कार्ड रात्रभर राबलं आणि ते काम मुलाने आपणहून अंगावर घेतलं. मधल्या भागात आजी कुणाला तरी ‘‘आधी जेवून घ्या’’ म्हणत होत्या.

दुकानात जाण्याआधी एक कागद पुढे घ्यावा. घरातल्या प्रत्येकाचं काम, पडद्याचा आकार, पॉवर सप्लायचे वॅट, डब्यातली मोकळी जागा आणि पैशांची मर्यादा एवढं त्यावर लिहावं. मुलाला ते लिहू द्यावं, पण आईवडिलांनी शेजारी बसावं. गेमला ठरावीक वेळ द्यावा, तोही खुल्या मनाने. कार्ड चार-पाच वर्षांनी जुनं होणारच. तो कागद मात्र जपून ठेवावा, पुढच्या खरेदीला त्याच्यापासूनच सुरुवात करता येईल.