पांढरं पांढरं काय झालंय?

दसऱ्याच्या सुमारास माझ्या फोनवर सक्युलंटचे फोटो यायला लागतात. पावसाळा गॅलरीच्या कोपऱ्यात काढलेल्या कुंड्या तेव्हा उन्हात सरकवल्या जातात आणि झाड मालकाला पहिल्यांदा नीट दिसतं. प्रश्न ठरलेला असतो : ‘पानांवर पांढरं पांढरं काय झालंय?’ फोटोवरून सांगणं अवघडच. या झाडांवर पांढरं बऱ्याच कारणांनी दिसतं, आणि त्यातली काही तर आजारच नसतात.

एचेव्हेरियाच्या पानावरचा निळसर-पांढरा थर मेणाचा असतो. मूळच्या मेक्सिकोतल्या या झाडाला तो कडक ऊन सोसायला मदत करतो आणि पानावर पाणी ठरू देत नाही. बोट लागलं की ठसा उमटतो, आणि जुन्या पानावरचा गेलेला थर सहसा भरून येत नाही. बुरशी समजून ओल्या फडक्यानं पानन् पान पुसलेलं एचेव्हेरिया कुणी कौतुकानं दाखवलं की काय बोलावं कळत नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षारही असेच फसवतात. थेंब वाळतो तिथं गोल कडा उरते. नखानं खरवडली की पूड पडते. त्यावर औषध मारू नये, पाणी बदलावं.

खरा शत्रू मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. तो उघड्यावर फारसा बसत नाही. पान खोडाला चिकटतं त्या बेचक्यात, कोवळ्या शेंड्यात, फुलाच्या दांड्यावर शोधा. भिंगातून गुलाबीसर लांबट अंग, कडेला मेणाची झालर आणि शेजारी कापसासारख्या पुंजक्यात अंडी दिसतात. एका मादीची काही शे. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर मी आधी बेचकी तपासतो, कारण याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसावर मुंग्या जगतात आणि त्याची राखणही करतात.

मेणामुळे नुसती फवारणी घरंगळून जाते. इअरबड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका किडीला टेकवा. मेण विरघळतं, कीड तपकिरी पडते. आधी एका पानावर करून पाहा. काम संध्याकाळी करा आणि झाड दोन दिवस सावलीत, इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. अंडी यातून वाचतात, म्हणून आठवड्याच्या अंतरानं तीन-चार फेऱ्या लागतात. लोक पहिल्या फेरीनंतरच निर्धास्त होतात. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, हेही चालतं. एचेव्हेरियावर मात्र नको. तेलानं तो मेणाचा थर जातो.

याचाच मुळांवर राहणारा भाऊबंद जास्त त्रास देतो. पानं सुरकुततात, वाढ थांबते, माती मात्र ओली असते. झाड तहानलेलं समजून आणखी पाणी घातलं जातं आणि किडीनं न मेलेली मुळं कुजून मरतात. म्हणून पाण्याआधी झाड कुंडीतून काढून बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या अंगाला पांढरे ठिपके दिसतील. पर्लाइटचा दाणा चिमटीत कोरडा कुसकरतो, कीड ओली चिरडते. सगळी माती टाका, मुळं धुवा, कुजलेली कापा, झाड चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा आणि पुढचा आठवडा पाण्याचा थेंबही देऊ नका.

फड्या निवडुंगावरचं पांढरं चिरडल्यावर बोट लालभडक झालं, तर ती कोचिनियल कीड. तिच्यातली एक जात 1795 मध्ये रंगासाठी ब्राझीलहून भारतात आणली गेली. रंग हलका निघाला, पण तिनं निवडुंगाच्या एका जातीची रानंच्या रानं संपवली.

अल्कोहोल लावण्याआधी एक गोष्ट बघा. द्राक्षबागांत मिलीबगवर क्रिप्टोलीमस नावाचा भुंगेरा सोडतात. तो 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून इथं आणलेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते, मोठ्या मिलीबगसारखीच दिसते. मिलीबग रेंगाळतो, ही भराभर चालते. गॅलरीत ती क्वचितच येते; आलीच तर त्या कुंडीवर काही दिवस कसलंच औषध मारू नका, ती मिलीबगच खायला आलेली असते.